मुक्या लॅपटॉपला वाचा फुटते तेव्हा

पडद्यावर गाणे पुढे सरकत असते, आवाजाची पातळी दाखवणारे हिरवे पट्टे वरखाली होत असतात, कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, नोंदींमध्ये एकही चूक दिसत नाही, आणि स्पीकर मात्र गप्प. नव्या लॅपटॉपवर लिनक्स बसवणाऱ्या अनेकांनी हे अनुभवले आहे. ‘ड्रायव्हर नाही’ असे म्हणून आपण मोकळे होतो, पण बहुतेक वेळा ड्रायव्हर असतो आणि चालूही असतो. या विशिष्ट यंत्रात कंपनीने कोणती तार कुठे नेऊन जोडली आहे, एवढेच त्याला ठाऊक नसते. साउंड कार्डचा ड्रायव्हर दुरुस्त करणे म्हणजे बव्हंशी कुणीच न सांगितलेली ही जोडणी शोधून काढणे आणि पुढच्या माणसासाठी ती लिहून ठेवणे. हे काम फार थोड्यांच्या नजरेला पडते, म्हणून ते जरा सविस्तर सांगावेसे वाटते.

आधी थोडी पार्श्वभूमी. लिनक्सवरचा आवाज १९९०च्या दशकात फिनलंडच्या हानू सावोलाइनेन यांच्या ओएसएस या ड्रायव्हरसंचावर चालत असे. साउंड ब्लास्टरसारखी वेगळी कार्डे संगणकात खोचण्याचा तो काळ होता. १९९८मध्ये चेक प्रोग्रामर यारोस्लाव्ह किसेला यांनी ग्रॅव्हिस अल्ट्रासाउंड या कार्डासाठी लिहिलेल्या ड्रायव्हरमधून अल्सा हा प्रकल्प उभा राहिला. डिसेंबर २००३मध्ये आलेल्या लिनक्स २.६पासून अल्सा ही कर्नलची अधिकृत ध्वनिव्यवस्था झाली. सुसे या कंपनीतले ताकाशी इवाई गेली अनेक वर्षे या भागाची निगा राखत आहेत.

ड्रायव्हरची पहिली जबाबदारी वेळेची. सीडीच्या दर्जाचा ध्वनी म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, डावा आणि उजवा असे दोन चॅनेल. हिशेब केला तर सेकंदाला १,७६,४०० बाइट. प्रोसेसर हे आकडे एकेक करून हार्डवेअरच्या हातात देत बसत नाही. मेमरीचा एक तुकडा बफर म्हणून राखलेला असतो. गाणे वाजवणारा प्रोग्राम त्यात नमुने भरत जातो आणि ध्वनीचे हार्डवेअर डीएमएच्या सोयीने, प्रोसेसरला न विचारता, ते उचलत जाते. बफरचे टोक आले की दोघेही पुन्हा सुरुवातीला येतात. विहिरीवरच्या रहाटगाडग्यासारखा हा फेरा आहे: पोहरे एकीकडे भरतात, दुसरीकडे रिते होतात आणि चाक थांबत नाही. भरणारा मागे पडला, तर हार्डवेअर थांबून वाट पाहत नाही. ते रिकामा किंवा जुनाच तुकडा वाजवते, आणि आपल्याला खरखर ऐकू येते किंवा शब्द अडखळतो.

म्हणून हार्डवेअर या क्षणी बफरमध्ये नेमके कुठे आहे, हे ड्रायव्हरला अचूक सांगता आले पाहिजे. प्रत्येक टप्पा संपला की हार्डवेअर इंटरप्ट पाठवते. सेकंदाला ४८,००० नमुन्यांचा वेग आणि टप्पा १,०२४ नमुन्यांचा धरला, तर हा निरोप साधारण २१ मिलिसेकंदांनी येतो. गोम अशी की काही चिपसेटवर इंटरप्ट आधी पोचतो आणि स्थान सांगणारा आकडा मागून बदलतो. ‘टप्पा संपला’ असा निरोप आलेला असतो, पण रजिस्टर वाचले तर अजून संपलेला नसतो. इंटेलच्या ध्वनिव्यवस्थेसाठी असलेल्या लिनक्स ड्रायव्हरमध्ये अशा वेळी किंचित थांबून पुन्हा आकडा पाहण्याची तरतूद करावी लागली, आणि कोणत्या पद्धतीने स्थान वाचायचे ते निवडण्याचा पर्यायही ठेवावा लागला.

या चुका वर्षानुवर्षे कुणाला जाणवल्या नाहीत, कारण जुने प्रोग्राम लहान टप्प्यांनी, इंटरप्टच्या तालावर चालत. प्रोग्रामांचा आवाज एकत्र करून ड्रायव्हरकडे पोचवणाऱ्या पल्सऑडिओ या सॉफ्टवेअरची रीत २००८मध्ये लेनार्ट पोटरिंग यांनी बदलली. बफर एकदम मोठा भरायचा, घड्याळ लावून झोपायचे आणि मध्येच नवा आवाज आला तर हार्डवेअरच्या थोडे पुढे जाऊन आधी लिहिलेले नमुने बदलायचे. यात वीज वाचते, प्रोसेसर वारंवार जागा होत नाही. पण ‘हार्डवेअरच्या थोडे पुढे’ म्हणजे कुठे, हे ड्रायव्हरच्या शब्दावर ठरते. तो शब्द खोटा निघाला तिथे आवाज फाटू लागला, आणि लोकांनी सगळा राग पल्सऑडिओवर काढला. पल्सऑडिओत दोष नव्हते असे नाही. तरीही मला वाटते की ध्वनिड्रायव्हर सुधारण्यात त्या त्रासदायक दोन-तीन वर्षांचा वाटा मोठा आहे. जे चालताना दिसत होते ते केवळ त्याची परीक्षा झाली नव्हती म्हणून चालत होते, हे तेव्हा उघड झाले.

वेळेचा प्रश्न सुटला तरी जोडणीचा प्रश्न उरतो, आणि आजच्या बहुतेक दुरुस्त्या तिथल्याच आहेत.

इंटेलने २००४मध्ये हाय डेफिनिशन ऑडिओ हे मानक आणले. १९९७च्या एसी९७ या मानकाची जागा त्याने घेतली. यात दोन भाग असतात. एक कंट्रोलर, जो चिपसेटमध्ये असतो आणि मेमरीतून नमुने उचलतो. दुसरा कोडेक, म्हणजे रिअलटेक, सिरस लॉजिक, कोनेक्संट अशा कंपन्यांची मदरबोर्डवर बसवलेली चिप, जी आकड्यांचे विद्युतलहरीत आणि उलट रूपांतर करते. कोडेकच्या पोटात लहान लहान नोड असतात: आकड्यांपासून ध्वनी घडवणारे डीएसी, ध्वनीचे आकडे करणारे एडीसी, मिक्सर, निवडक आणि बाहेरच्या जगाशी जोडणाऱ्या पिना. ड्रायव्हर प्रत्येक नोडला ३२ बिटांचा हुकूम पाठवून विचारू शकतो: तू कोण, तुला काय येते, तू कुणाकुणाशी जोडलेला आहेस? उत्तरांवरून तो चिपचा पूर्ण नकाशा काढतो. ही कल्पना खरोखर देखणी आहे. प्रत्येक चिपसाठी वेगळा ड्रायव्हर लिहिण्याऐवजी चिपनेच आपली ओळख सांगावी.

पण चिप फक्त स्वतःच्या पोटातले सांगू शकते. अमुक क्रमांकाच्या पिनेला लॅपटॉपच्या आत स्पीकर जोडला आहे की हेडफोनचा जॅक, की ती मोकळीच सोडली आहे, हे चिप बनवणाऱ्याला कसे कळणार? ते लॅपटॉप बनवणाऱ्याने ठरवलेले असते. म्हणून मानकात प्रत्येक पिनेसाठी ३२ बिटांचे एक रजिस्टर ठेवले आहे आणि ते भरण्याचे काम बायोसकडे, म्हणजे यंत्र सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या उत्पादकाच्या प्रोग्रामकडे, दिले आहे. पिनेला जॅक आहे की कायमची जोडलेली वस्तू, ती यंत्राच्या कोणत्या बाजूला आहे, स्पीकर आहे की मायक्रोफोन, एवढेच नव्हे तर जॅकचा रंग हिरवा आहे की गुलाबी, हेही त्यात लिहायचे असते.

आणि ते बरेचदा चुकीचे लिहिलेले असते. कंपनी यंत्र विकते विंडोजसह, आणि सोबत कोडेक बनवणाऱ्याने त्या मॉडेलसाठी बेतलेला ड्रायव्हर देते. त्या ड्रायव्हरच्या पोटात खरी जोडणी वेगळी नोंदवलेली असली, की बायोसमधली चूक कारखान्यात कुणाच्या लक्षात येत नाही. लिनक्सचा ड्रायव्हर मात्र बायोसवर विश्वास ठेवून नकाशा काढतो. बायोस म्हणते, ‘या पिनेला काही जोडलेले नाही.’ ड्रायव्हर त्या पिनेकडे ढुंकूनही पाहत नाही, आणि हेडसेटचा मायक्रोफोन नेमका तिथेच असतो.

यावर उपाय म्हणजे अपवादांची यादी. ड्रायव्हर बनवणारे तिला क्विर्क टेबल म्हणतात. प्रत्येक यंत्राच्या ध्वनिव्यवस्थेला उत्पादकाने दिलेला एक ओळखक्रमांक असतो. यादीत तो क्रमांक सापडला, तर ड्रायव्हर बायोसचे म्हणणे बाजूला ठेवतो आणि यादीत लिहिलेली जोडणी खरी मानतो. रिअलटेकच्या कोडेकसाठी लिनक्समध्ये असलेली फाइल एके काळी दहा हजार ओळींच्या पुढे गेली, ती मुख्यतः अशा नोंदींमुळे. वरवर पाहता ती कंटाळवाणी यादी आहे. पण तिथली जवळजवळ प्रत्येक ओळ म्हणजे कुणाच्या तरी टेबलावर गप्प बसलेले एक यंत्र आहे, आणि ते बोलू लागेपर्यंत कुणीतरी पिना तपासल्या आहेत.

यादी वाढवत जाणे हा मात्र सुधारण्याचा मार्ग नव्हे. पूर्वी प्रत्येक मॉडेलसाठी नोड कसे जोडायचे याचे तयार साचे कोडमध्ये लिहिलेले असत, शिवाय निरनिराळ्या कंपन्यांच्या कोडेकसाठी नकाशा काढणारा कोडही वेगवेगळा होता. एका ठिकाणी दुरुस्त केलेली चूक दुसरीकडे तशीच राही. इवाई यांनी हे सगळे उकलून एकच सामाईक नकाशाकार लिहिला, आणि २०१३मध्ये लिनक्स ३.९सोबत तो आला. आता नकाशा सगळ्यांसाठी एकाच रीतीने काढला जातो आणि अपवादाच्या नोंदीत फक्त फरकाचा भाग लिहायचा. जगातला प्रत्येक लॅपटॉप हाताशी ठेवणे कुणालाच शक्य नाही, म्हणून त्यांनी एचडीए-एमू नावाचे साधन केले. वापरकर्त्याने पाठवलेली कोडेकची नोंद त्याला दिली, की ते यंत्र समोर नसतानाही ड्रायव्हर त्यावर कसा वागेल हे पाहता येते. मोठा बदल करताना जुन्या यंत्रांचे काय होईल हे तपासायला अशा जमवलेल्या नोंदी उपयोगी पडतात. माझ्या मते ही त्या कोडइतकीच मोलाची गोष्ट आहे.

वापरकर्त्यालाही बरेच करता येते, तेही कर्नल नव्याने न बांधता. एचडीए-जॅक-रीटास्क या साधनात पिनांची यादी दिसते. ‘ही पिन स्पीकर आहे असे समज’ असे सांगायचे, ऐकून पाहायचे, जमले तर तीच माहिती लहानशा फाइलमध्ये ठेवायची. पुढच्या वेळी यंत्र सुरू होताना ड्रायव्हर ती वाचतो. बरीच दुरुस्ती याच प्रयोगाने सुरू होते.

काही दोष पिनांच्या यादीत दिसतच नाहीत. २०१२च्या सुमारास काही लॅपटॉपवर एक चमत्कारिक तक्रार येत होती: आतल्या मायक्रोफोनवर ध्वनिमुद्रण नीट होते, पण इंटरनेटवरून बोलताना पलीकडच्याला काहीच ऐकू जात नाही. मायक्रोफोन एकच होता, पण त्याची लहर कोडेककडे दोन तारांवरून, एक सुलटी आणि एक उलटी, अशी पोचत होती. तारेत शिरलेला गोंगाट वजा करण्यासाठी ही पद्धत चांगलीच आहे. कोडेक मात्र त्या दोन तारांना डावा आणि उजवा चॅनेल समजत होता. दोन्ही वेगवेगळे ऐकले तर ठीक. बोलण्याच्या प्रोग्रामने दोन्हींची बेरीज करून एक चॅनेल केला की अधिक आणि उणे मिळून शून्य. लोकांनी मिक्सरमध्ये उजवा चॅनेल पूर्ण खाली ओढून आपापली सोय करून घेतली होती. तीच युक्ती मग ड्रायव्हरमध्ये आली: अशा यंत्रांवर उलटा चॅनेल बंद ठेवायचा. शांतता ही नेहमी आवाजाच्या अभावाने होते असे नाही, हे मला या उदाहरणाइतके स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसले नाही.

चार स्पीकर असलेल्या लॅपटॉपांनी आणखी एक प्रकार दाखवला. आवाज कमीजास्त केला तरी स्पीकर एकाच पातळीवर वाजत राहतात. कारण असे की रिअलटेकच्या काही कोडेकमध्ये तीन डीएसी असतात, आणि त्यांपैकी एकाला आवाजाची पातळी बदलण्याची सोयच नसते. खर्जाच्या स्पीकरची पिन नकाशाकाराने त्या डीएसीला जोडली, तर बटण फिरवून फरक कसा पडणार? दुरुस्ती एवढीच की त्या पिनेला पातळी बदलता येणाऱ्या दुसऱ्या डीएसीवर वळवायचे.

सर्वांत अवघड असतो तो खुद्द स्पीकरमागचा ॲम्प्लिफायर. कोडेकची लहर हेडफोनला पुरते, स्पीकरला पुरत नाही, म्हणून मध्ये वेगळी चिप असते. ती चालू करण्याचा खटका प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीने कुठेही ठेवते. बरेच जण मानकातला नेमून दिलेला बिट वापरतात, ॲपलने काही मॅकबुकमध्ये कोडेकच्या सामान्य वापराच्या तारांपैकी एक त्यासाठी योजली होती, तर काही यंत्रांत रिअलटेकच्या चिपमधल्या, मानकात वर्णन नसलेल्या रजिस्टरांत विशिष्ट आकडे भरावे लागतात. हेडफोनवर आवाज येतो आणि स्पीकरवर येत नाही, तेव्हा पहिला संशय इथे घ्यावा. आणखी एक खूण आहे. विंडोज चालू करून तिथूनच थेट लिनक्समध्ये पुन्हा सुरू केले तर स्पीकर वाजतो, पण यंत्र पूर्ण बंद करून सुरू केले तर गप्प राहतो. याचा अर्थ विंडोजच्या ड्रायव्हरने कुठले तरी रजिस्टर भरले आहे, वीज जाईपर्यंत ते तसेच राहते, आणि लिनक्सच्या ड्रायव्हरला त्याचा पत्ता नाही.

तो पत्ता काढायची रीत चिकाटीची आहे. लिनक्सवर क्यूइमू या प्रोग्राममध्ये विंडोज चालवायचे, खरे ध्वनि-हार्डवेअर त्याच्या हवाली करायचे आणि विंडोजचा ड्रायव्हर कोडेकला जे जे हुकूम देतो ते टिपून घ्यायचे. मग तोच क्रम लिनक्समधून पाठवायचा. स्पीकर बोलला की खरे काम सुरू होते. त्या लांबलचक यादीतले बहुतेक हुकूम निरुपयोगी असतात. अर्धे काढून पाहायचे, उरलेल्यातले अर्धे काढून पाहायचे, असे करत मोजके आवश्यक हुकूम वेगळे करायचे. सॅमसंगच्या काही गॅलेक्सी बुक लॅपटॉपचे स्पीकर लिनक्सवर या मार्गाने सुरू झाले.

इथे धोकाही असतो. ॲपलने नोव्हेंबर २०२०पासून स्वतःच्या प्रोसेसरचे मॅकबुक विकायला सुरुवात केली. त्यांतले चिमुकले स्पीकर सतत सोसवणार नाही इतकी ताकद थोडा वेळ पेलतात. त्यांच्या वेटोळ्याचे तापमान किती झाले हे सॉफ्टवेअरने सतत मोजून आवाज आवरायचा असतो, नाहीतर स्पीकर कायमचा जळतो. या यंत्रांवर लिनक्स आणणाऱ्या आसाही प्रकल्पाने म्हणूनच स्पीकर मुद्दाम बंद ठेवले होते. ॲम्प्लिफायरकडून येणाऱ्या व्होल्टेज आणि विद्युतप्रवाहाच्या आकड्यांवरून तापमानाचा अंदाज बांधणारा स्पीकरसेफ्टीडी हा प्रोग्राम तयार झाला, मॉडेलगणिक स्पीकरची मोजमापे झाली, आणि मगच २०२३च्या अखेरीपासून आवाज टप्प्याटप्प्याने खुला झाला. तो प्रोग्राम चालू नसेल तर कर्नल आवाजाची पातळी सुरक्षित मर्यादेच्या वर जाऊ देत नाही. लोक अधीर होते, तरीही हा संयम पाळला गेला.

आवाज येऊ लागल्यावरही सुधारण्यासारखे बरेच उरते. वीज वाचवण्यासाठी ड्रायव्हर काही सेकंद शांतता दिसली की कोडेकला झोपवतो. पुन्हा आवाज सुरू होताना तो जागा व्हायला क्षणभर लागतो आणि कधी स्पीकरमधून ‘टक्’ असा आवाज येतो. गाणे ऐकणाऱ्याला याचे फारसे काही वाटत नाही. पण अंध माणसाला पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा ओर्कासारखा प्रोग्राम एकेक अक्षर, एकेक छोटा शब्द बोलतो, मध्ये थांबतो, पुन्हा बोलतो. अशा वेळी दर शब्दाचे पहिलेच अक्षर कापले जाते. ईस्पीक एनजी हे मुक्त वाचासॉफ्टवेअर मराठीही बोलते, आणि मराठीत ‘नको’मधला ‘न’ गळाला तर उरलेल्या ‘को’चा काय उपयोग? यासाठी झोपेची वेळ बदलण्याचा किंवा ती पूर्ण बंद करण्याचा पर्याय ड्रायव्हरमध्ये आहे, आणि ज्या यंत्रांवर ‘टक्’ फारच होते त्यांची वेगळी यादी कर्नलमध्येच ठेवली आहे. डेबियन ही लिनक्सप्रणाली बसवताना सुरुवातीच्या यादीवर ‘एस’ दाबून एंटर केले की पुढचे सगळे बोलून सांगितले जाते. यंत्रात एकाहून अधिक साउंड कार्डे असतील, तर इन्स्टॉलर एकेका कार्डावर पाळीपाळीने बोलतो आणि ज्यावर ऐकू येईल तिथे एंटर दाबायला सांगतो. ज्याला पडदा दिसत नाही त्याच्यासाठी ध्वनिड्रायव्हर चालणे म्हणजेच संगणक चालणे.

एका यंत्राची दुरुस्ती दुसऱ्याला बाधू नये, ही काळजी शेवटपर्यंत घ्यावी लागते. एकाच ओळखक्रमांकाखाली उत्पादकाने दोन वेगळ्या जोडण्यांची यंत्रे विकल्याचीही उदाहरणे आहेत, मग पहिल्यासाठी लिहिलेली नोंद दुसऱ्याचा आवाज बंद करते. नव्या कर्नलने आवाज बिघडला, तर दोषी बदल शोधायला गिट बायसेक्ट वापरतात. चांगली आणि बिघडलेली आवृत्ती यांत दहा हजार बदल असले, तरी दर वेळी मधला बदल तपासून निम्मे वगळत गेले की साधारण १४ चाचण्यांत नेमका बदल सापडतो. म्हणून पॅच, म्हणजे कोडमधली दुरुस्ती, पाठवण्याआधी फक्त ‘गाणे वाजले’ एवढे पुरत नाही. हेडफोन लावून आणि काढून स्पीकर आपोआप बंद-चालू होतो का, यंत्र झोपवून उठवल्यावर आवाज टिकतो का, दोन्ही मायक्रोफोन चालतात का, वीज पूर्ण तोडून सुरू केल्यावर काय होते, हे सगळे पाहावे लागते. तपासणाऱ्याचे नाव पॅचसोबत नोंदवले जाते. दुरुस्ती चालू कर्नलमध्ये गेली की ती दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या जुन्या आवृत्त्यांतही उतरवली जाते, आणि त्याच मॉडेलचा लॅपटॉप घेणाऱ्या पुढच्या माणसाचा स्पीकर पहिल्याच दिवशी वाजतो.